वृद्धांचे घर आणि परमार्गाची दृष्टी



गेल्या काही वर्षांत वर्धा जिल्ह्यातील उपदेशी मंडळींकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. मुले नोकरीनिमित्त पुण्यास, नागपुरास, हैदराबादेस गेली. आर्वी, देवळी, समुद्रपूर या बाजूच्या गावी जुने घर आहे, चार-पाच एकर पऱ्हाटी-तुरीचे वावर आहे आणि त्या घरात सत्तरी ओलांडलेली आई आहे, किंवा आईबाप दोघेही आहेत. त्यांनी उतारवयात काय करावे? मुलांकडे शहरात जावे, आश्रमात येऊन राहावे, की आपल्याच घरी राहावे? आणि घरीच राहावयाचे तर ते राहणे आनंदाचे, धर्माचे कसे होईल? प्रश्न व्यवहाराचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी शास्त्राचा एक पेच आहे. म्हणून या अंकात सूत्रविवरणाचा नेहमीचा क्रम बाजूला ठेवून त्याचाच विचार करीत आहोत.

स्मृतिस्थळातील एक प्रसंग आपणा सर्वांस परिचित आहे. केशिराजव्यास हे संस्कृताचे मोठे पंडित होते. शास्त्राचे एक प्रकरण संस्कृतात बांधावे असे त्यांच्या मनात आले. पांडित्याच्या जगात त्या काळी तीच प्रतिष्ठा होती. श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. कारण काय दिले? संस्कृत ही भाषा हीन आहे असे नाही, आणि पंडित आपला ग्रंथ वाचणार नाहीत असेही नाही. त्यांनी एवढेच सांगितले की असे केल्याने मार्गातील म्हाताऱ्या बायका लुबाडल्या जातील. जे त्यांच्या हक्काचे आहे तेच त्यांच्या हातून जाईल.

या प्रसंगाचा अर्थ आपण बहुधा मराठीच्या अभिमानापुरता लावतो. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याच वर्षी रिद्धपुरास मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हा अनेक व्यासपीठांवरून हा प्रसंग सांगितला गेला, आणि ते योग्यच झाले. परंतु सांगणाऱ्यांच्या मुखी भाषा राहिली आणि म्हाताऱ्या निसटल्या. आचार्यांच्या दृष्टीसमोर आधी म्हाताऱ्या होत्या, भाषा मागाहून आली. त्यांनी असे म्हटले नाही की म्हाताऱ्यांनी या वयात व्याकरण शिकावे. जे चढू शकत नाहीत त्यांच्यासाठी उंबरठा खाली आणावयाचा, हा निर्णय त्यांनी संप्रदायातील सर्वांत विद्वान पुरुषाची इच्छा मोडून घेतला. केशिराजांनीही तो मानला. ज्या सूत्रपाठाचे आपण नित्य पठण करतो तो मराठीत आहे, आणि त्यात या दृष्टीचा वाटा मोठा आहे.

आता हीच कसोटी आपल्या घराला लावून पाहावी. आपले घर म्हातारीला लुबाडणारे आहे काय? पोथीच्या भाषेपुरता हा प्रश्न नाही. छपरीतून माजघरात जाताना हातभर उंच उंबरठा आहे, तो तिला रात्री ओलांडता येत नाही. म्हणजे माजघर तिच्या हातून गेले. शौचकूप परसाच्या टोकाला, वाट दगडगोट्यांची, पावसाळ्यात शेवाळलेली. म्हणून ती सायंकाळनंतर पाणी पिणेच सोडते, आणि मग उन्हाळ्यात लघवीचा विकार जडतो. नामस्मरणाची आठवण करून देणारी पोथी बारीक टंकात छापलेली, मोतीबिंदू वाढलेला, कुणी शस्त्रक्रियेस नेले नाही, म्हणजे पोथीही गेली. कानास ऐकू येत नाही म्हणून घरातील बोलणे तिला वगळून चालते. अशा घरात तिच्या ताटात चार घास वेळेवर पडतात हे खरे. परंतु आचार्यांच्या अर्थाने ती लुबाडली गेलेलीच आहे.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सर्वज्ञांनी साधकास स्वदेशाचा, स्वग्रामाचा, आणि विशेषेकरून संबंधियांचा संबंध सोडावयास सांगितले आहे. आम्ही भिक्षुक त्याच आज्ञेने घर सोडून निघालो. मग ज्याने स्वतः घर सोडले त्याने म्हाताऱ्या माणसास घरी राहा असे सांगावे काय? आणि पुत्राने तरी आईबापांत का गुंतावे? असा प्रश्न एका सुशिक्षित गृहस्थाने आम्हांस सरळ विचारला होता. त्याच्या बोलण्याचा रोख असा दिसला की शास्त्रच संबंधत्याग सांगते, तेव्हा दर महिन्यास गावी जाण्याची दगदग आपण का करावी!

याचे उत्तर असे आहे. ती आज्ञा अनुसरलेल्यास आहे. ज्याने अनुताप पावून, सर्व सोडून, परमेश्वरास अनन्य शरण जाण्याचे पत्करले त्यास आहे. तो घर सोडतो तेव्हा घराबरोबर घरातील वाटणी, वावर, बँकेतील ठेव, भिक्षेखेरीजचे अन्न, पायाखालची निश्चित जागा हे सारे सोडतो. जो वावर ठेवतो, सातबाऱ्यावर आपले नाव चढवून घेतो, पगार घेतो, आणि केवळ आईची खोकल्याची उबळ तेवढी सोडू पाहतो, त्याने काहीच सोडलेले नाही. त्याने ओझे टाकले आहे. वैराग्यात आधी सुख सुटते. ज्याचे फक्त कष्ट सुटले त्याने वैराग्याचे नाव घेऊ नये. वासनिकास संसारात राहून धर्म आचरावयाचा आहे, आणि संसारात राहणाऱ्याची जी कर्तव्ये आहेत ती त्यास चुकत नाहीत.

दुसऱ्या बाजूनेही हाच भेद लक्षात ठेवला पाहिजे. अलीकडे एक प्रकार वाढीस लागला आहे. वृद्ध आईस किंवा विधवा मावशीस घरचे लोक आश्रमात आणून सोडतात, वस्त्रांची जोडी देतात, काही द्रव्य पुढे ठेवतात आणि म्हणतात, हिला आता अनुसरण द्या. त्या बाईस विचारावे तर ती खाली पाहते. तिला सुनेच्या हातची जवसाची चटणी आठवत असते, नातवाची शाळा आठवत असते, गोठ्यातली गाय आठवत असते. आश्रमात वृद्धांची सेवा होते आणि ती व्हावीच. ज्यास कुणी नाही त्यास मार्गाने आपले म्हटले पाहिजे, याबद्दल दुमत नाही. वृद्धपणी मनोभावे अनुसरण घेतलेल्या थोर तपस्विनी मार्गात पूर्वी होऊन गेल्या, आजही आहेत. श्रीचक्रधरस्वामींच्या सन्निधानातील बाइसा वयाने वृद्धच होत्या, आणि नागदेवाचार्यांच्या मातोश्री आबाइसा पुत्राप्रमाणेच मार्गात आल्या. परंतु त्या आपल्या पायांनी आल्या. त्यांना कुणी आणून सोडले नव्हते. अनुसरण हे बोधातून, अनुतापातून निघते, आणि अनुताप दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही. घरात जागा कमी पडते म्हणून दिलेली दीक्षा ही दीक्षा नव्हे, ते स्थलांतर होय. महंतमंडळींनी अशा वेळी त्या वृद्धेशी एकांतात, घरच्यांना बाहेर बसवून बोलावे आणि तिचे मन घरी असेल तर तिला सन्मानाने घरी पाठवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. काहींना ते कठोर वाटेल.

आणखी एका गोष्टीचा खुलासा करावयाचा आहे. वृद्धांविषयी व्याख्यान झाले की आईबाप हे देव आहेत असे वाक्य हटकून येते. टाळ्याही पडतात. आपल्या सिद्धांताप्रमाणे जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र आहेत. आई हा जीव आहे, बाप हा जीव आहे. त्यांना देव म्हटल्याने त्यांचा गौरव होतो असे वाटते. प्रत्यक्षात काय होते ते पाहावे. देव म्हटला की त्याला कोनाड्यात बसवावयाचे, सणावारी हार घालावयाचा, दुरून नमस्कार करावयाचा. त्याला भूक लागत नाही, त्याची पाठ दुखत नाही, त्याला कंटाळा येत नाही, त्याचा राग येत नाही आणि त्याचे मत विचारण्याचे कारण पडत नाही. जीवाचे तसे नाही. जीवाला तहान लागते, तो चिडतो, विसरतो, एकच गोष्ट पाच वेळा सांगतो, अंथरूण ओले करतो. या जीवाची सेवा करावयाची तर त्याच्याजवळ बसावे लागते. म्हणून आम्ही असे म्हणतो की वृद्धांना देव म्हणण्याची घाई करू नये. ते आपल्यासारखेच जीव आहेत, आणि आज ना उद्या आपण त्यांच्या जागी जाणार आहोत. त्यांना बसावयास पाट आणि टेकावयास भिंत द्यावी; सिंहासनाची गरज नाही.

हे ध्यानात ठेवूनच रिद्धपूरच्या दास्याकडे पाहावे. श्रीगोविंदप्रभू हे परमेश्वरावतार. त्यांचे दास्य आणि घरच्या वृद्धाची सेवा एका मापाने मोजता येणार नाही. तथापि दास्य कसे करावे याचा वस्तुपाठ तेथे आहे. स्वामींनी उत्तरापंथे प्रयाण केल्यावर नागदेवाचार्य व इतर भक्तमंडळी रिद्धपुरास श्रीप्रभूंच्या सन्निधानास येऊन राहिली. ज्याची सेवा करावयाची त्याच्या गावी सेवक गेले. श्रीप्रभूंना आपल्या सोयीच्या ठिकाणी नेण्याचा विचार त्यांनी केला नाही. श्रीप्रभूंची प्रवृत्ती तर लोकविलक्षण होती. कुठे जातील, कुणाच्या घरी काय मागतील, केव्हा हसतील, केव्हा कोपतील याचा नेम नव्हता. भक्तांनी त्या प्रवृत्तीला आपले वेळापत्रक लावले नाही. प्रवृत्ती पाहावी आणि तिच्यामागे चालावे, हा दास्याचा गाभा त्यांनी जाणला होता. त्याच रिद्धपुरात श्रीप्रभूंच्या समोर विवाहाचा खेळ मांडला गेला आणि महदाइसांनी धवळे गाइले. मराठीतील पहिली ज्ञात कवयित्री म्हणून आपण महदाइसांचे नाव घेतो. ते गाणे अशा सेवेच्या घरात, आनंदाच्या निमित्ताने जन्मले. आपल्या घरातील वृद्धसेवेत औषधाच्या वेळा पाळल्या जातात, पथ्य पाळले जाते. गाणे मात्र नसते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाखांच्या किंचित वर होती. त्याच जनगणनेत भारतात साठीच्या पुढचे लोक १० कोटींहून अधिक, म्हणजे शंभरात साडेआठांच्या आसपास मोजले गेले. महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात दहाच्या जवळ होते. तेव्हापासून ते वाढतच आहे. तरुण मंडळी शहराकडे गेल्यामुळे खेड्यांत ते अधिक जाणवते. वेचणीच्या दिवसांत दुपारी कोणत्याही गावात फिरावे. छपरीत बाजेवर एक म्हातारा किंवा म्हातारी आणि अंगणात कोंबड्या, एवढाच संसार दिसतो. बाकी सारे वावरात.

या जिल्ह्याला वृद्धापकाळाचा अर्थ शिकविणारी काही स्थळे लाभली आहेत. ती आपल्या मार्गाची नाहीत, तरी चांगले जेथे दिसेल तेथून घेण्यास संकोच कशाचा? सेवाग्रामला बापूकुटी पाहावयास आपण जातो. तिच्यापासून जवळच परचुरे शास्त्रींची कुटी आहे. हे संस्कृतज्ञ शास्त्री कुष्ठरोगाने पीडित होऊन १९३९ साली गांधीजींच्या दारी आले. त्या काळी कुष्ठरोग्यास घरातून, गावातून हाकलीत असत. गांधीजींनी त्यांस हाकेच्या अंतरावर कुटी बांधून दिली, स्वतः त्यांचे अंग चोळले, आणि त्यांच्याशी संस्कृताच्या गोष्टी केल्या. यातील शेवटची गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. व्रण धुणारा मनुष्य पैसे देऊन मिळू शकतो. परंतु त्या देहात एक शास्त्री अजून जिवंत आहे याची आठवण ठेवणारा मिळणे कठीण.

धाम नदीच्या काठी पवनार आहे. विनोबाजी १९३८ साली तेथे राहावयास गेले. पुढे भूदानासाठी देश पायी तुडवून झाल्यावर १९७० साली त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला आणि अखेरपर्यंत, म्हणजे १५ नोव्हेंबर १९८२ पर्यंत, ते पवनारलाच राहिले. वय वाढले तसे त्यांनी आपले काम टप्प्याटप्प्याने सूक्ष्म केले. त्यांनी १९५९ साली तेथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. त्यातील भगिनी तरुणपणी आल्या आणि तेथेच वृद्ध झाल्या. स्वयंपाक, शेती, सफाई, प्रार्थना यांत आपापल्या शक्तीप्रमाणे वाटा उचलावयाचा आणि निर्णय सर्वांच्या संमतीने करावयाचा, ही तेथील रीत. आपल्या घरांत वृद्धांचे दुखणे बहुधा येथेच असते. त्यांची संमती कुणी मागत नाही. बैल विकला, विहिरीवर नवी मोटार बसविली, नातीचे स्थळ पाहिले. सर्व झाल्यावर त्यांना कळविण्यात येते. म्हातारा मग मोटारीच्या आवाजावरून भांडतो. लोक म्हणतात, हा वयाने चिडका झाला.

आता काही व्यावहारिक गोष्टी. भिक्षुकाने हे सांगावे काय असे कुणास वाटेल. परंतु ज्या दारी भिक्षेस उभे राहतो त्या घराचा उंबरठा आम्हांस दिसतो.

पडणे हा वृद्धांचा मोठा वैरी आहे. खुब्याचे हाड मोडले की मनुष्य बाजेला लागतो, आणि बाजेला लागलेला अनेकदा उठत नाही. तेव्हा प्रथम रात्रीची वाट पाहावी. बाजेपासून शौचकूपापर्यंत दिवा आहे काय, भिंतीस धरावयास दांडी आहे काय, न्हाणीची फरशी खरबरीत आहे काय? एक लोखंडी दांडी गावचा लोहारही बसवून देतो. फार खोल, झोळ पडलेली बाज बदलावी. उठताना पाय जमिनीस टेकले पाहिजेत. शौचास उकिडवे बसणे होत नसेल तर खुर्चीची सोय करावी आणि त्यात लाज मानू नये. रक्तदाब, मधुमेह यांची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. डोळे आणि कान तपासून घ्यावेत. मोतीबिंदू काढल्यावर ज्या आजीबाईने पुन्हा पोथी हाती धरली तिचा चेहरा ज्याने पाहिला त्यास अधिक सांगणे नको. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ सालचे, ग्रामीण भागासाठी म्हणूनच निघालेले. तेथील विद्यार्थी गावात राहून कुटुंबे तपासतात ही आपल्या जिल्ह्याची जुनी रीत आहे, तिचा लाभ घ्यावा. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकास, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेखाली वर्षास पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले आहे. त्याचे कार्ड काढून ठेवावे. निराधार व अल्प उत्पन्नाच्या पासष्टीपुढील वृद्धांस श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळतात. पंचाहत्तरीनंतर राज्य परिवहनाच्या गाडीस तिकीट पडत नाही, त्याआधी पासष्टीपासून अर्धे पडते. म्हणजे रिद्धपुरास नमस्कारीस जाणे पैशावाचून अडत नाही. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा! सोबतीचा एक तरुण मात्र हवा.

जमिनीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पुष्कळ वृद्ध प्रेमाच्या भरात, किंवा रोजच्या कटकटीस कंटाळून, हयातीतच सर्व वावर व घर मुलांच्या नावे करून देतात आणि त्यासच त्याग समजतात. तो त्याग नव्हे. उद्या आपण कुणाच्या दारात उभे राहावयाचे याचा विचार न करता केलेली ती घाई होय. २००७ सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह-कल्याणाच्या कायद्याप्रमाणे मुलांवर निर्वाहाची जबाबदारी आहे. मुले पाहत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास परत मिळविण्याची सोयही त्यात आहे. परंतु ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असावी, तोंडी राहू नये. १४५६७ हा ज्येष्ठांच्या साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. कोर्टकचेरीची भाषा धर्मपत्रिकेत कशाला, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या गावातील एखाद्या लुबाडलेल्या म्हातारीचे नाव आठवावे. आणि ती आठवणारच, कारण असे गाव विरळा.

एवढे झाले तरी आनंद येतोच असे नाही. सोयी असूनही मन सुकते. यासाठी वृद्धांनाही दोन शब्द सांगावे लागतील, आणि ते मान देऊनच सांगतो.

आजोबा, आजी, सत्ता सोडावी; काम सोडू नये. घरात आता सुनेच्या हाती किल्ल्या आहेत. तिच्या फोडणीत मीठ किती पडले याचा हिशेब आपण ठेवू नये. परंतु वाती वळणे, शेंगा निवडणे, नातवाची उजळणी घेणे, पहाटे देवपूजेची तयारी करणे, यांतील जे होईल ते आपल्याकडे आग्रहाने ठेवावे. ज्याच्या वाचून घरात काहीच अडत नाही तो मनुष्य आपोआप मावळू लागतो. दिवसास ठरलेले रूप असावे: पहाटे पंचनाम, पूजा, वंदन; सकाळी उन्हे चढण्याआधी गावात एक फेरी; दुपारी थोडी विश्रांती; मग पोथी, वाचता येत नसेल तर ऐकणे; सायंकाळी विडा अवसर, आरती. वय वाढले की रात्रीची झोप तुटते आणि तुटलेल्या रात्री जुनी दुःखे उगाळली जातात. त्या वेळेस स्मरणाचा उपयोग करावा. तरुणपणी जी निवांत रात्र मिळत नव्हती ती आता मिळाली आहे. दुखण्याचे बोलणे दिवसातून एकदाच करावे, आणि जो उपाय करू शकेल त्याच्याशी करावे. हे सोपे नाही. ज्याचे गुडघे दुखतात त्यास दुखणे विसरा म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. ते वाटून घेण्याची रीत तेवढी सांगत आहोत.

आणि आपल्याजवळ जे आहे ते द्यावे. लीळाचरित्र कसे सिद्ध झाले? म्हाइंभटांनी लीळा मनाने रचल्या नाहीत. ज्यांनी पाहिले, ज्यांनी ऐकले, त्यांच्याकडे ते गेले, विचारले, पुन्हा विचारले, एकाची आठवण दुसऱ्याशी ताडून पाहिली. जेथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तेथे दोन्ही ठेवण्याची रीत आपल्या पाठपरंपरेत पडली. पुढे परचक्रात पोथ्या नष्ट झाल्या तेव्हा हिराइसांसारख्यांच्या स्मृतीतून पाठ पुन्हा उभा राहिला, आणि तो त्यांच्या नावानेच ओळखला जातो. एका स्त्रीच्या स्मरणशक्तीवर शास्त्र तगले! मग आपल्या आजीस काय आठवते हे तिच्या घरात किती जणांनी विचारले आहे? पूर्वी रिद्धपुरास बैलगाडीने जाताना कोणत्या गावी मुक्काम पडे, कोणत्या महंतांनी तिला उपदेश दिला, दुष्काळात घर कसे चालले, विहिरीस पाणी किती हातांवर लागे. शाळकरी नातवाने एक वही करावी आणि रोज सायंकाळी एक गोष्ट लिहून घ्यावी. आजी एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगेल आणि निराळी सांगेल, दोन्ही लिहाव्यात. म्हाइंभटांनी कंटाळा केला असता तर आज आपल्या हाती काय असते?

शहरात राहणाऱ्या मुलांनी दूरध्वनीवर काय बोलावे हेही या संदर्भात सांगतो. जेवलीस काय, गोळी घेतलीस काय, हे दोन प्रश्न झाले की बोलणे संपते. त्याऐवजी सल्ला विचारावा. मुलीचे नाव काय ठेवावे, अंबाडीच्या भाजीला कोणते पीठ लावावे, अमुक लीळेत पुढे काय होते. तिला बोलावयास विषय मिळतो, आणि बहुधा मुलालाही नवे काही कळते. आईस शहरात नेण्याचा आग्रह धरण्यापूर्वी तिला तेथे महिनाभर राहून पाहू द्यावे आणि मग तिच्यावर सोडावे. सहाव्या मजल्यावरील स्वच्छ खोलीत तिला ओळखणारे कुणी नसते. गावात कुबट भिंतींच्या घरातही सकाळपासून दहा माणसे हाक मारून जातात. ही हाक ज्यास लागते त्यास ती औषधासारखी असते, आणि मुलांना नेमकी तीच दिसत नाही. उलट एखादी आजी शहरात नातवंडांत रमली तर तिला गावाची शपथ घालू नये. तिचे घर कोणते हे तिने ठरवावयाचे आहे.

जेथे मुले येऊ शकत नाहीत, आणि असे घर प्रत्येक गावी दोन-चार आहेत, तेथे मंडळाने काम उचलावे. आपल्या मंदिरात साप्ताहिक वाचन होते. ज्यांना मंदिराच्या पायऱ्या चढवत नाहीत ते येत नाहीत, आणि काही आठवड्यांनी ते येत नाहीत हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. यास्तव आमची सूचना अशी की महिन्यातील एक वाचन मंदिराबाहेर, अशा एखाद्या घरी करावे. पोथी मोठ्या अक्षरांची न्यावी. वाचणाऱ्याने सावकाश, खड्या आवाजात वाचावे. अर्थ सांगताना घरच्या वृद्धास आधी विचारावे, कारण महदाइसांच्या प्रश्नांनीच सर्वज्ञांचे कितीतरी निरूपण आपल्यापर्यंत पोहोचले आहे, आणि प्रश्न विचारण्यास वयाची आडकाठी नाही. दोन तरुणांनी त्याच फेरीत दिवा, दांडी, फरशी, औषधाची पुडी आणि कार्ड पाहून घ्यावे. प्रसाद त्या घरच्या हातांनी वाटावा, हात कापत असले तरी.

वेचणी आटोपल्यावर, पौषापासून, ज्या गावी असा आरंभ होईल तेथील मंडळींनी आम्हांस कळवावे. अटनाच्या वाटेवर ते गाव असेल तर पहिल्या वाचनास आम्ही येऊ.

दंडवत प्रणाम.